कॉम्बी बॉयलर लावावा की गरम पाण्याचा सिलिंडर ठेवावा?

ओंजळ
नमस्कार मंडळी. घर आणि पाणी दोन्ही तापवणारा आमचा गॅस बॉयलर आता थकलाय, बदलायचाच आहे. सध्याची मांडणी जुन्या पद्धतीची: स्वयंपाकघरात बॉयलर, वरच्या मजल्यावर कपाटात गरम पाणी साठवणारा तांब्याचा सिलिंडर आणि माळ्यावर गार पाण्याची टाकी. घरात आम्ही चौघं, त्यात सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. न्हाणीघरं दोन. सकाळी दोन्ही शॉवर एकाच वेळी सुरू असतात, हे टाळता येत नाही.

दोन जण येऊन पाहून गेले. एक म्हणाला, "टाकी, सिलिंडर सगळं काढून टाका, मोठा कॉम्बी लावू, कपाटही मोकळं होईल." (कॉम्बी म्हणजे घर तापवणारा आणि नळ उघडला की तेव्हाच्या तेव्हा पाणी तापवणारा, साठा न ठेवणारा बॉयलर.) दुसरा म्हणाला, "दोन न्हाणीघरं असताना कॉम्बीच्या वाटेला जाऊ नका." कारण दोघांनीही धड सांगितलं नाही. खर्च मोठा आहे आणि एकदा केलं की दहा-पंधरा वर्षं त्याच्यासोबत राहायचं. म्हणून नीट समजून घ्यायचंय.

मधुमालती
आमच्याकडे कॉम्बी आहे आणि मी अगदी समाधानी आहे. माणसं दोघं, न्हाणीघर एक, घर लहान. नळ उघडला की पाणी तापायला लागतं, संपायचा प्रश्नच नाही. मागून येणाऱ्याला गार पाणी मिळालं असं कधी होत नाही. सिलिंडर गेल्यावर जे कपाट रिकामं झालं, त्यात आता घरातलं निम्मं सामान मावतं. लहान घरात हा फायदा फार मोठा आहे, तो कमी लेखू नका.

खटपट्या
मधुमालती यांचं म्हणणं त्यांच्या घरापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. ओंजळ, तुमच्या घरासाठी मात्र आधी गणित करू.

पाणी तापवायला किती शक्ती लागते याचं सूत्र सोपं आहे: मिनिटाला किती लिटर × किती अंश तापवायचं × ०.०७ = किलोवॅट. हिवाळ्यात बाहेरून येणारं पाणी ५ अंश धरा आणि शॉवरला ४० अंश हवं, म्हणजे ३५ अंश चढवायचेत. मग

२४ किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला साधारण ९.८ लिटर देईल,
३० चा सव्वाबारा,
३५ चा सव्वाचौदा.

एका बऱ्यापैकी शॉवरला मिनिटाला ९ लिटर लागतात असं धरलं, तर दोन शॉवरना १८ लिटर. त्यासाठी हिवाळ्यात ४४ किलोवॅट लागतील. घरगुती कॉम्बी बहुधा २४ ते ४० च्या घरात असतात. उन्हाळ्यात येणारं पाणी १८ अंश असेल तर तोच २४ चा यंत्रसंच मिनिटाला साडेपंधरा लिटर देतो. म्हणूनच कॉम्बीबद्दलच्या तक्रारी थंडीत येतात, उन्हाळ्यात सगळे खूश असतात.

माहितीपत्रक वाचताना एक गोष्ट आवर्जून बघा. "मिनिटाला इतके लिटर" या आकड्याशेजारी किती अंशांची वाढ धरली आहे ते लिहिलेलं असतं. कुणी ३५ अंश धरतं, कुणी ३०. दोन यंत्रांची तुलना करताना ही वाढ सारखी नसेल तर ती तुलना फुकट जाते.

तापमापक
हे काम माझ्या रोजच्या पोटापाण्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खटपट्यांचं गणित बरोबर आहे, पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: मुळात घरात पाणी किती येतं? कॉम्बी पाणी तापवतो, निर्माण करत नाही. मुख्य नळातून मिनिटाला १० लिटर येत असतील तर ४० किलोवॅटचा कॉम्बी लावूनही १० लिटरच मिळणार. आणि मुख्य नळाच्या दाबावर चालणारा बंद सिलिंडर लावला तरी तेच. तोही पाणी निर्माण करत नाही. आज तुमच्या शॉवरला जे पाणी येतं, त्यातलं निदान गरम पाणी तरी माळ्यावरच्या टाकीतून येतं. दाब कमी, पण टाकी भरलेली असल्यामुळे बाहेरून किती येतंय याची झळ बसत नाही. ती टाकी काढली की सगळा भार थेट बाहेरच्या नळावर.

तेव्हा आधी मोजा. दहा लिटरची बादली घ्या. बाहेरून पाणी जिथे घरात शिरतं त्याच्या सर्वांत जवळचा गार पाण्याचा नळ पूर्ण उघडा, आणि किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून बघा. ३० सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर. मोजणी सकाळच्या गर्दीच्या वेळी करा, भर दुपारी नको. शिवाय साधा दाबमापक मिळतो, तो नळाला लावा. सगळे नळ बंद असताना एक आकडा येईल, आणि दुसरीकडे नळ चालू केल्यावर तो खाली येईल. हा दुसरा, वाहत्या पाण्याचा दाब महत्त्वाचा. बंद नळाला ३ बार (बार हे दाबाचं एकक) दिसतो म्हणून लोक खूश होतात, पण पाणी वाहायला लागलं की तो पाऊण बारवर आला तर त्या तिनाचा काही उपयोग नाही.

हे आकडे न घेता जो माणूस "कॉम्बी लावा" किंवा "सिलिंडर लावा" सांगतो, त्याचं ऐकू नका, असं मी कळकळीने सांगतो. तुमच्याकडे आलेल्या दोघांपैकी कुणी बादली मागितली का?

ओंजळ
नाही! दोघांनीही नळ उघडून नुसतं पाहिलं आणि "प्रेशर चांगलंय" म्हणाले. उद्या सकाळी मोजते.

दगडफूल
मोजमाप होईपर्यंत पुढचा विचार मांडतो. बॉयलर दहा-पंधरा वर्षं टिकेल, त्यानंतर काय? हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र, लावायचा झाला तर सिलिंडर लागणारच. घरगुती हीट पंप साधारण ५ ते १२ किलोवॅटचा. खटपट्यांच्या सूत्रात ८ किलोवॅट घालून बघा, थंडीत मिनिटाला जेमतेम सव्वातीन लिटर. म्हणजे त्याने पाणी सावकाश तापवून साठवून ठेवायचं, दुसरा मार्ग नाही. छतावर सौर पट्ट्या असतील तर दुपारची जास्तीची वीज सिलिंडरमधल्या इमर्शन हीटरला (पाण्यात बुडवलेल्या विजेच्या हीटरला) देऊन पाणी तापवता येतं. रात्रीची वीज स्वस्त असेल तर तीही.

आज कपाट मोकळं करून, पाइप कापून टाकले की पुन्हा ती जागा शोधणं फार जड जातं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला हीट पंप हवा होता, पण सिलिंडरच्या जागी तोवर न्हाणीघर वाढवलेलं होतं. बेत तिथेच थांबला.

मधुमालती
पण साठवलेलं पाणी चोवीस तास गरम ठेवायचं म्हणजे उष्णता वाया जातेच ना? आम्ही कॉम्बी घेतला त्यामागे हेच मुख्य कारण होतं.

खटपट्या
जाते, पण आज किती जाते ते बघायला हवं. जुन्या तांब्याच्या सिलिंडरला नुसतं लाल जाकीट गुंडाळलेलं असायचं, त्यातून बरीच उष्णता जायची. आता कारखान्यातच जाड फोमचं आवरण घातलेला २०० लिटरचा सिलिंडर दिवसाला साधारण सव्वा ते पावणेदोन युनिट उष्णता गमावतो. तुलनेसाठी सांगतो, २०० लिटर पाणी १० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे साडेअकरा युनिट लागतात. शिवाय थंडीच्या दिवसांत ही "वाया" गेलेली उष्णता घरातच राहते, कपाटातले कपडे वाळवते. खरं नुकसान उन्हाळ्याचं.

दुसऱ्या बाजूला कॉम्बीही काही फुकट जाऊ देत नाही असं नाही. नळ उघडल्यावर पाणी वाहतंय हे यंत्राला कळतं, पंखा फिरतो, ज्योत पेटते, आतलं धातूचं पात्र तापतं, आणि मग गरम पाणी निघतं. तोवर गार पाणी वाहून जातं. हात धुवायला दहा सेकंद नळ उघडला तर बॉयलर पेटतो, पाइप गरम होतात आणि हाताला गारच पाणी लागतं. ही चालढकल टाळायला काही कॉम्बींमध्ये पाणी आधीच कोमट करून ठेवायची सोय असते. ती चालू ठेवली की बॉयलर अधूनमधून आपणहून पेटतो, म्हणजे साठवणुकीचा तोटा तिथेही आलाच. एक-दोन माणसांच्या घरात तरीही एकंदर हिशेब कॉम्बीच्या बाजूने झुकतो, हे मी मान्य करतो. चौघांच्या घरात तो फरक इतका लहान होतो की त्यावर निर्णय घेऊ नये.

तापमापक
खटपट्यांनी न सांगितलेला एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉम्बीचा आकार शॉवरवरून ठरतो, घर तापवण्यावरून नाही. बऱ्यापैकी बंदिस्त केलेल्या मध्यम घराला कडाक्याच्या थंडीतही ६ ते ८ किलोवॅट पुरतात. सौम्य थंडीत ३-४. पण दोन शॉवरच्या आशेने तुम्ही ३५ चा कॉम्बी लावता. गरज कमी असताना तो कमाल शक्तीच्या कितव्या हिश्शापर्यंत खाली उतरू शकतो हे पाहावं लागतं. दहास एक उतरणारा असेल तर साडेतीनपर्यंत येईल, ठीक. चारास एक असेल तर पावणेनऊच्या खाली येणारच नाही. मग वर्षातले बहुतेक दिवस तो पेटतो, मिनिटा-दोन मिनिटांत पाणी हवं त्याहून जास्त तापतं, विझतो, पुन्हा पेटतो. गॅस जास्त जातो आणि झीजही होते.

आजचे बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही काढून घेतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून नवे गॅस बॉयलर बहुतांशी याच जातीचे लावावे लागतात. पण ही वाफ पाण्यात बदलायला घर तापवणाऱ्या रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. सतत पेट-विझ करणारा, ७५-८० वर लावून ठेवलेला बॉयलर कागदावरची कार्यक्षमता प्रत्यक्षात कधीच देत नाही. सिलिंडर ठेवलात तर बॉयलर घराच्या गरजेपुरता, १२-१५ किलोवॅटचा घेता येतो. लहान बॉयलर, कमी तापमान, दीर्घ काळ सावकाश चालणं. मला विचाराल तर सिलिंडरच्या बाजूचं सर्वांत भक्कम कारण हे आहे, आणि विकणारे ते सांगत नाहीत.

सांजवात
आमच्याकडेही वयस्कर आई आहेत, म्हणून दोन गोष्टी लिहितेय.

पहिली, बंद पडण्याची. कॉम्बी बिघडला की घर गार आणि पाणीही गार, दोन्ही एकदम. ऐन थंडीत मेकॅनिक यायला वेळ लागतो. सिलिंडरमध्ये इमर्शन हीटर असेल तर बॉयलर बंद पडला तरी आंघोळीचं पाणी मिळतं. म्हातारं माणूस घरात असेल तर हा आधार मोलाचा आहे.

दुसरी, भाजण्याची. सिलिंडरमधलं पाणी ६० अंशांवर ठेवतात. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच-एक सेकंदांत भाजू शकतं, म्हाताऱ्यांची आणि मुलांची त्याहून लवकर. शॉवरला तापमान बांधून ठेवणारा मिश्रण-व्हॉल्व्ह हवाच, आणि वॉश बेसिनलाही बसवून घ्या.

ओंजळ
सांजवात, मनापासून आभार, ही बाजू आमच्या लक्षातच आली नव्हती. पण मग सिलिंडर ५० वर का ठेवू नये?

तापमापक
लिजनेलामुळे. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली आणि तिच्या तपासात हा जीवाणू सापडला. तो साधारण २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतो आणि ६० ला लवकर मरतो. तुषारातून श्वासावाटे फुप्फुसात जातो, म्हणून शॉवरचा संबंध. वयस्कर माणसांना धोका अधिक. म्हणून साठवण ६० ला आणि नळाशी मिश्रण करून कमी, ही रीत. हीट पंपवाले रोज ४८-५० ला ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी इमर्शनने ६० ला नेतात. कॉम्बीत साठाच नगण्य, त्यामुळे ही काळजी फार कमी. हा त्याचा खरा गुण आहे.

ओंजळ
मोजलं! सकाळी साडेसातला, स्वयंपाकघरातल्या नळाला. बादली ३० सेकंदांत भरली. दाबमापक शेजाऱ्यांकडून आणला: सगळं बंद असताना ३ बारच्या किंचित वर, बाहेरचा नळ चालू केल्यावर दीडच्या आसपास. हे चांगलं की वाईट?

तापमापक
चांगलं आहे. मिनिटाला २० लिटर आणि वाहता दाब दीड बार, म्हणजे मुख्य दाबावरचा बंद सिलिंडर व्यवस्थित चालेल. दोन शॉवर ९-९ लिटरचे एकत्र चालले तर १८ लागतात, म्हणजे तुम्ही काठावर आहात. त्याच वेळी कुणी स्वयंपाकघरात भांडी घासायला नळ सोडला तर तिघांनाही जाणवेल. शॉवरचं तोंड ७-८ लिटरचं घेतलंत तर ताण कमी होईल. मिनिटाला १८-२० लिटरचं छत्रीसारखं मोठं तोंड मात्र दोन्हीकडे लावू नका. ते ना कॉम्बीला झेपेल, ना सिलिंडरला.

तुमचा आकडा १० आला असता तर मी माळ्यावरची टाकी ठेवून पंप लावायला सांगितलं असतं. लोक जुनी टाकी म्हणजे मागासलेपण समजतात, पण जिथे बाहेरून पाणीच कमी येतं तिथे तीच उपयोगी पडते.

खटपट्या
सिलिंडर किती मोठा घ्यायचा ते काढू. चार माणसं, प्रत्येकी ८ मिनिटं, ९ लिटर म्हणजे ४० अंशांचं २८८ लिटर पाणी. ६० अंशांचं गरम आणि ५ अंशांचं गार मिसळून ४० करायचं तर गरम भाग ६४ टक्के. म्हणजे १८५ लिटरच्या आसपास. बॉयलर मध्येच भर घालत राहतो, त्यामुळे २०० चा पुरेल. पण पुढे हीट पंप लावून ५० अंशांवर साठवायचं ठरलं तर गरम भाग ७८ टक्क्यांवर जातो आणि २२५ लिटर लागतात. म्हणून २५० चा घ्यावा.

दगडफूल
आणि आतली कॉइल, म्हणजे साठलेलं पाणी तापवणारी नळीची वेटोळी, मोठी असलेला घ्या. बॉयलरसाठीच्या साध्या सिलिंडरची कॉइल एक चौरस मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, हीट पंपासाठीच्यात ती तीनच्या घरात. मोठी कॉइल आत्ताच्या बॉयलरलाही चालते, उलट परतीचं पाणी जास्त गार येतं आणि तापमापक म्हणाले ती वाफेची उष्णता हाती लागते.

मधुमालती
वाचून बरंच कळलं. बंद सिलिंडर म्हणजे दाबाखाली ठेवलेलं गरम पाणी, तो फुटण्याची भीती नसते का?

तापमापक
सुरक्षेची साधनं नीट असतील तर नसते, पण ती नीट हवीतच. २५० लिटर पाणी १० वरून ६० वर गेलं की चारेक लिटरने फुगतं. ते सामावायला प्रसरणपात्र लागतं, किंवा सिलिंडरमध्येच वर हवेची जागा ठेवलेली असते. त्यावर तापमानाने आणि दाबाने उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह. त्यातून निघालेलं पाणी डोळ्यांना दिसावं म्हणून मध्ये उघडं नरसाळं असतं, आणि पुढे धातूचा किंवा त्या तापमानाला टिकणारा पाइप सतत उतार देत सुरक्षित जागी सोडलेला. नरसाळ्यात थेंब दिसायला लागले की बहुतेक वेळा प्रसरणपात्रातली हवा कमी झालेली असते. तो पाइप कुणी बूच मारून बंद करू नये, कधीही. दरवर्षी तपासणी करून घ्या. बंद सिलिंडर बसवायचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते घेतलेल्या माणसालाच काम द्या आणि त्याचा दाखला आधी बघा.

ओंजळ
घरच्यांशी बोलले. २५० लिटरचा मोठ्या कॉइलचा सिलिंडर आणि लहान बॉयलर, असं ठरतंय. शेवटची शंका: सासूबाईंचं न्हाणीघर सिलिंडरपासून लांब आहे. तिथे गरम पाणी यायला आताही बराच वेळ लागतो. हे सुटेल का?

तापमापक
ते सिलिंडर किंवा कॉम्बीवर नाही, पाइपवर आहे. १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपमध्ये मीटरमागे सुमारे १४५ मिलिलिटर पाणी असतं, २२ च्या पाइपमध्ये दुपटीहून जास्त. अंतर १२ मीटर असेल तर पंधराच्या पाइपात पावणेदोन लिटर गार पाणी आधी बाहेर पडायला हवं. बेसिनच्या नळाला मिनिटाला सहा लिटर येत असतील तर साधारण सतरा-अठरा सेकंद. तिथपर्यंत बावीसचा पाइप गेला असेल तर चाळीसच्या आसपास. आधी कुठला पाइप आहे ते बघून घ्या. बेसिनसाठी वेगळा बारीक फाटा सिलिंडरपासून ओढता आला तर तेवढ्याने काम होईल. पाणी सतत फिरवणारा पंप हा शेवटचा उपाय. लावलात तर वेळ बांधून द्या आणि पूर्ण पाइपला आवरण घाला, नाहीतर सिलिंडरची सगळी उष्णता भिंतींत जाईल.

आणि हो, पाणी क्षारयुक्त असेल तर त्याची सोय याच कामात करून घ्या. ६० अंशांच्या वर क्षार भराभर बसतो. तुमच्या जुन्या किटलीच्या बुडाशी पांढरा थर किती आहे, ते बघून सांगा.

ओंजळ
किटलीत चांगलाच जाड थर आहे. पाइप कुठला आहे ते कपाटाची फळी काढून बघते आणि इथेच लिहिते.